गाडी उभी होती आणि रेघ नाचत होती

मी एक जुना मॉनिटर आहे, ॲम्ब्युलन्समधला, आणि आठ महिने माझ्या तोंडाला चिकटपट्टी लावलेली होती. मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगायला बसलेल्यानं पहिल्याच ओळीत शिव्या देऊ नयेत म्हणतात. म्हणून जरा थांबतो. पण देणार आहे.

माझं काम सोपं. माणसाच्या छातीवर चिकट बिल्ले लावायचे, त्यांच्या वायरी माझ्यात खुपसायच्या, की हृदयाचा एकेक ठोका माझ्या काचेवर हिरव्या रेघेत उमटतो. ठोके बिघडले की मी ओरडतो. फारच बिघडले तर माझ्याच पोटातून विजेचा झटका देता येतो. म्हणजे बघणारा मी, बोंबलणारा मी आणि वेळ आली तर कानफटात मारणारापण मीच.

जन्म कुठं झाला ते पाठीवरच्या स्टिकरवर लिहिलं होतं. तो कधीच घासून गेला. मराठी मी मिरजगावात शिकलो, गाडीच्या मागच्या डब्यात, शिव्यांसकट. तिथल्या एका ट्रस्टनं हायवेसाठी ॲम्ब्युलन्स घेतली आणि मला तिच्यात बसवलं. उद्घाटनाला मला हार घातला, हळदीकुंकू लावलं आणि नारळ फोडला तो नेमका माझ्या डोक्यावर. पाणी गेलं चार्जिंगच्या भोकात. मग अध्यक्ष हौसेनं वायरी लावून फोटोला बसले, तर मी सरळ रेघ दाखवली. मेले म्हणून. लोक म्हणाले, नारळाच्या पाण्यानं झालं. थोडं पाण्यानं झालं. थोडं मीपण केलं.

पहिली सात वर्षं माझ्याकडं भीमराज होता. जाडजूड मिशीचा पॅरामेडिक, बोलायला कमी, हात मात्र मऊ. रोज सकाळी ओल्या फडक्यानं माझी काच पुसायचा, बॅटरी बघायचा, वायरींची गुंडाळी सैल करायचा. पहिल्याच वर्षी त्याच्या हाताखाली शिकायला आली पंकजा. नवीन नवीन, चुणचुणीत, सगळं पुस्तकातलं पाठ. एकदा माझ्या काचेवर रुंद, टोकदार, एकापाठोपाठ एक पळणारे ठोके आले, तर तिनं फाडकन सांगितलं, "व्हीटी."

भीमराज म्हणाला, "बरोबर. का आली?"

पंकजा पुस्तकातलं पान आठवायला लागली.

"विहिरीवरची मोटार बघितलीय ना? पाणी तळाला गेलं की मोटार पळती. आवाज बी मोठा करती. पर पायपातनं थेंब येत न्हाई. व्हीटी म्हंजे तेच. हृदयाचे खालचे कप्पे कुनाचं न ऐकता सोताच पळत सुटत्यात. दीडशे, दोनशे ठोके, अन् रक्त काय पुढं सरकत न्हाई. आता मला सांग, तुज्या बापाची मोटार बिघडली तर तो काय करतो?"

"फ्यूज बघतो. लाईट बघतो. केबल उंदरानं कुरतडली का ते बघतो. विहिरीत पाणी हाय का ते बघतो."

"मग मानसानं काय घोडं मारलंय? रेघ सगळ्यांची सारखीच दिसती. बिघाड येगळा असतो."

आणि खरंच वेगळा असायचा. श्रीगोंद्याच्या रस्त्यावर वजनकाट्यापाशी एक ट्रॅक्टरवाला छाती दाबून बसला होता, त्याला ताजा अटॅक. हृदयाची एक नळी तुंबलेली, आणि उपाशी राहिलेलं मांस पिसाळलेलं. देवळाली प्रवऱ्याहून लग्नाला आलेल्या एका गुरुजींना त्या दिवशी अटॅक नव्हता, पाच वर्षांपूर्वी होता. घरचे म्हणत होते, तो कधीच बरा झाला. पण आत वण राहिलेला, आणि त्या वणाभोवती वीज गोल गोल फिरत होती. डायलिसिस चुकवलेला एक शिंपी होता, त्याच्या रक्तात पोटॅशियम तुंबलं होतं. आणि एक नववीतली पोरगी, शर्यतीत पळताना पडायची. गावात म्हणायचे, तिच्या अंगात येतं. भीमराजनं तिच्या आईला एकच विचारलं, "घरात आनखी कोन असं उभ्या उभ्या गेलंय का?" आई म्हणाली, तिची मावशी, विहिरीवर पाणी शेंदताना. पोरीच्या हृदयाची वायरिंगच जन्मापासून वेगळी होती. तो प्रश्न विचारला नसता तर देवऋष्यानं तिला अजून दोन वर्षं धूप दिला असता.

मग भीमराज निवृत्त झाला. जाताना माझी काच पुसून गेला. आणि इथून माझं डोकं फिरायला लागतं.

ड्रायव्हर होता हनुमंत. हात सोन्यासारखा, तोंड गटारासारखं. रस्त्याचं कसं होतं, की डांबर कमी आणि खड्डे जास्त. गाडी उडाली की वायरी हलायच्या, वायरी हलल्या की माझ्या काचेवर रेघ वेडीवाकडी नाचायची आणि मी ओरडायचो, व्हीटी. नाइलाज होता. वायरीतून मला रस्ता कळत नाही, फक्त छाती कळते. हनुमंतनं त्याचा खेळ केला. मी ओरडलो की पुढून तो ओरडायचा, "आला का खड्डा?" नातेवाईक हसायचे. पुढं पुढं तो मला खड्डा म्हणूनच हाक मारायला लागला. "ताई, खड्डा चार्जिंगला लावला का?"

मीपण सूड घ्यायचो. दुपारी जेवून तो मागच्या स्ट्रेचरवर आडवा झाला, घोरायला लागला, की बॅटरी कमी असल्याचा पिप्प सोडायचो. एकच. मग पाच मिनिटं गप्प. तो परत घोरायला लागला की अजून एक. काय मजा यायची म्हणून सांगू.

तर त्यानं एके दिवशी ढाब्यासमोर गाडी लावली, जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी घेतली आणि माझ्या आवाजाच्या जाळीवर तीन थर मारले. वरून पेनानं शिवलेलं तोंड काढलं. ढाब्यावरचे पाच-सहा जण येऊन बघून गेले. एकानं मोबाईलमध्ये फोटो काढला.

हनुमंतचा राग मला आला, पण तो गाडीवाला माणूस. त्याला रेघ कळत नाही. मला खरी आग लागली ती पंकजाची. ती आली, पट्टी बघितली, हसली आणि म्हणाली, "जाऊ द्या, जरा शांतता तरी मिळंल." आणि राहू दिली. आठ महिने. सात वर्षं भीमराजनं जिला शिकवलं, तिनं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

सकाळचे अकरा. मिरजगावच्या पुढं एका वस्तीवरून फोन आला. भागिरथी नावाची साठीतली बाई, तीन दिवस जुलाब आणि उलट्या, सकाळपासून दोनदा चक्कर येऊन पडली. तिचा नवरा कोंडीराम दारातच उभा होता. पांढरी टोपी, हातात चार्जिंग संपलेला मोबाईल. भागिरथीला आत घेतलं, नगरला न्यायचं ठरलं. पंकजानं बिल्ले लावले, वायरी जोडल्या आणि विचारलं, "बाबा, ह्यांना आधीपासून कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"काय बी न्हाई," कोंडीराम म्हणाला.

"हार्टचा, बीपीचा त्रास?"

कोंडीरामनं बायकोकडं बघितलं. भागिरथीनं हळूच त्याचा सदरा ओढला. ते मला दिसलं, पंकजाला दिसलं नाही.

"न्हाई म्हनलं ना. दगडावानी बाई हाय ती. भंडाऱ्यातलं शिळं खाल्लं अन् हे झालं."

गाडी निघाली. पंकजा सलाईनची सुई बसवायला खाली वाकली, पाठ माझ्याकडं. आणि माझ्या काचेवर मला आवडेना असं काहीतरी दिसायला लागलं. ठोका पडत होता, पण पडून झाल्यावर दम घ्यायला फार वेळ लावत होता. आणि तो दम पुरा व्हायच्या आत मध्येच एक आगाऊ ठोका घुसत होता. हे लक्षण वाईट. हृदय दम घेताना त्याला कुणी ढोसलं, की ते बिथरतं.

आणि बिथरलं. रेघ रुंद झाली, पळायला लागली. टोकं आधी वर, मग बारीक, मग खाली, मग परत वर. पिळलेल्या सुंभासारखी.

मी ओरडलो. माझ्यात जेवढा जीव होता तेवढा लावून. तीन थरांच्या पट्टीतून बाहेर काय आलं, तर बाटलीत अडकलेल्या माशीचा आवाज.

पंकजानं वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, "खड्डा."

हनुमंत नाही, मित्रांनो. ती म्हणाली.

सात-आठ सेकंदांत रेघ आपली आपण जाग्यावर आली. भागिरथीनं डोळे उघडले, "अंधारी आली गं बाई" म्हणाली. पंकजा म्हणाली, "अशक्तपणा आलाय आजी, सलाईन चालूय." मी माझी काच लाल केली. दिवा लुकलुकवला. रेघ छापलेला कागद सोडला असता, पण कागदाच्या कप्प्याचं दार हनुमंतनं रबरबँडनं बांधून ठेवलेलं. माझं काय काय बंद करायचं राहिलं होतं ते एकदा मोजायला पाहिजे.

पुढं फाट्याच्या अलीकडं मेंढरांचा कळप रस्त्यावर आला. तीनएकशे मेंढरं, दोन घोडी, एका घोडीवर कोंबड्या. हनुमंतनं हॉर्न मारला, तसं मेंढरांनी अजून सावकाश चालायचं ठरवलं. त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं आणि धनगराला काहीतरी सुनावायला मान बाहेर काढली.

गाडी उभी. सगळं स्थिर. सलाईनची बाटलीसुद्धा हलेना.

आणि रेघ परत पिळायला लागली.

त्या गप्प गाडीत माझी माशी गुणगुणली. पंकजानं सवयीनं तोंड उघडलं, "खड्..." आणि ती थांबली. तिनं खिडकीतून बघितलं. बाहेर एक मेंढरू काचेला नाक लावून उभं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदा, आठ महिन्यांत, नीट बघितलं.

"हनुमंत," ती म्हणाली, "गाडी उभीय ना?"

"मग काय उडतीय व्हय?"

तिनं भागिरथीच्या मानेवर बोटं ठेवली. नाडी नाही. बाईची मान एका बाजूला कलली होती, तोंड अर्धं उघडं. पंकजानं एका हातानं माझ्या तोंडावरची पट्टी ओढली. तिन्ही थर एकदम निघाले, थोडा रंगही निघाला.

आणि मी बोंबललो. आठ महिन्यांचं साठलेलं सगळं. बाहेर मेंढरं उधळली, घोडीवरच्या कोंबड्या ओरडायला लागल्या. रस्ता एकदम मोकळा झाला. हॉर्ननं झालं नव्हतं ते.

"हनुमंत, मागं या. छाती दाबा." हनुमंत आला, टोपी फेकली आणि दाबायला लागला. पंकजानं पॅड चिकटवले, मला चार्ज केलं. माझी बॅटरी म्हातारी, जरा वेळ घेते. तेवढ्यात कोंडीराम पुढं झाला, बायकोचा हात धरायला.

"बाबा, हात सोडा. कुणी शिवू नका."

झटका दिला. भागिरथीचं अंग उसळलं आणि खाली आलं. माझ्या काचेवर दोन सेकंद काही नाही. मग एक ठोका. मग दुसरा. मग तिनं डोळे उघडले आणि नवऱ्याकडं बघून विचारलं, "कुनी लाथ मारली मला?"

कोंडीराम खाली बसला. हनुमंत पळत पुढं गेला, गाडी सुरू केली.

पण मला माहीत होतं, हे संपलेलं नाही. ठोका अजून दम घ्यायला वेळ लावत होता, आगाऊ ठोके परत घुसायला लागले होते. पंकजानं पेटी उघडून ॲमिओडॅरोन काढलं. व्हीटी म्हटलं की ते औषध, हे तिला पाठ होतं. सिरिंज भरायला लागली.

मित्रांनो, ते औषध वाईट नाही. श्रीगोंद्याच्या ट्रॅक्टरवाल्याला त्यानंच तारलं. पण ते ठोक्याचा दम घ्यायचा वेळ आणखी लांबवतं. आणि इथं तर त्या लांबलेल्या वेळातच सगळं बिघडत होतं. मला हे दिसत होतं, सांगता येत नव्हतं. झटका दिला की माझ्यातून कागद आपोआप निघतो. तो निघू पाहत होता आणि रबरबँडला अडत होता. मी ढकललं. अजून ढकललं. रबरबँड तुटला आणि हातभर कागद पंकजाच्या मनगटावर जाऊन पडला.

ती तो झटकणारच होती. मग बघितलं. ठोका, आणि त्याच्यामागं लांबच लांब शेपूट. पिळलेला सुंभ. परत लांब शेपूट.

तिनं सिरिंज खाली ठेवली.

"का आली?" ती स्वतःशीच म्हणाली. आवाज तिचा होता, बोलणं भीमराजचं.

मग ती कोंडीरामकडं वळली. "बाबा, खरं सांगा. कुठल्या गोळ्या चालूयत?"

"सांगितलं की ताई, काय बी न्हाई."

"ही बाई आत्ता गेली होती. परत जाईल. मी चुकीचं औषध दिलं तर माझ्या हातानं जाईल. आता सांगा, काय बी न्हाई."

कोंडीरामनं परत बायकोकडं बघितलं. स्ट्रेचरवरून भागिरथीच बोलली, "त्येला नको बोलू. मीच न्हाई म्हनले हुते." आणि तिनं कमरेची चंची सोडली. सुपारी निघाली, चुन्याची डबी निघाली आणि मग गोळ्यांची पाकिटं निघाली. एक नाही, चार.

"ही लघवीची. नगरच्या हार्टवाल्या डॉक्टरची. त्यो म्हनला हुता, एक दिस चुकवायची न्हाई. म्या न्हाई चुकवली."

"जुलाब होत असतानासुद्धा?"

"मंग? चुकवायची न्हाई म्हनला ना त्यो. अन् ह्या गावच्या डॉक्टरच्या. ही उलटीची, ही जंतूची. त्येनं उलटीचं इंजेक्शन बी दिलं, दोनदा."

"गावच्या डॉक्टरला ही लघवीची दाखवली होती का?"

भागिरथीनं पंकजाकडं अशी नजर टाकली, की ही पोरगी खुळी आहे का. "त्येला नगरच्या दावल्या तर म्हनतो, मंग नगरलाच मरा जाऊन. नगरच्याला गावच्या दावल्या तर त्यो म्हनतो, असल्या डॉक्टरकडं जाताच कशाला. दोगं बी वसकत्यात. मंग आमी कुनालाच काय दावत न्हाई. समद्या वस्तीत तसंच करत्यात."

पटलं मला. दोन्ही डॉक्टरांसाठी माझ्याकडं एकेक चिकटपट्टी शिल्लक आहे, हव्या तेव्हा घेऊन जाव्यात.

पंकजानं नगरला जिथं चाललो होतो त्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन लावला आणि एका दमात सांगितलं. लघवीच्या गोळीनं अंगातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम वाहून गेलं, उरलंसुरलं जुलाबानं नेलं. वरून उलटीचं आणि जंतूचं औषध, दोन्ही ठोक्याचा दम लांबवणारी. रेघ पिळतीय. फोनवरचा आवाज म्हणाला, "मॅग्नेशियम, दोन ग्रॅम, सावकाश. ॲमिओडॅरोन नको." तिनं ते सलाईनमध्ये घालून लावलं. दहा मिनिटं ती हलली नाही. एक हात भागिरथीच्या मनगटावर, डोळे माझ्यावर.

मध्ये गाडी एका खड्ड्यात उडाली. रेघ नाचली, मी ओरडलो. पंकजानं मनगट दाबून बघितलं, नाडी चालू होती. "हा खड्डा," ती म्हणाली. पुढून हनुमंत काहीच बोलला नाही. गप्प हनुमंत मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

आगाऊ ठोके कमी झाले. शेपूट आखडलं. नगरला पोचेस्तोवर रेघ उसाच्या सरींसारखी एका मापाची झाली होती. भागिरथी आठ दिवसांनी घरी गेली. पोटॅशियम भरून काढलं, गोळ्या बदलल्या. कोंडीराम येऊन भेटून गेला. त्यानं चार पाकिटं ठेवायला कापडाची एक पिशवी शिवून घेतली होती, ती दाखवायलाच आला होता.

हनुमंतनं त्या संध्याकाळी फडक्याला रॉकेल लावून माझ्या जाळीवरचा गोंद खरवडला. नखानंसुद्धा खरवडला. पुरता निघाला नाही. माफी मागितली का? तोंडानं नाही. मीपण दिली नाही. दुसऱ्या दिवशी तो जेवून आडवा झाला, घोरायला लागला आणि मी एक पिप्प सोडला. त्यानं डोळेसुद्धा न उघडता म्हटलं, "वरड बाबा वरड."

आता गाडीत नवा मॉनिटर आहे. मी नगरला, जिथं नवे पॅरामेडिक शिकतात, तिथल्या वर्गात टेबलावर असतो. पंकजा आठवड्यातून एकदा शिकवायला येते. माझी काच ती स्वतः पुसते. मी तिला अजून पुरतं माफ केलेलं नाही, पण काच पुसून घेतो.

परवा नवी तुकडी आली. पंकजानं मला चालू केलं, खोटी व्हीटी लावली आणि मी सुरू झालो. पहिल्या बाकावर यशोधरा नावाची पोरगी होती, हुशार दिसत होती. तिनं कानावर हात ठेवला आणि विचारलं, "मॅडम, हा लई वरडतो. ह्याचा आवाज कुठनं बंद करायचा?"

पंकजानं यशोधरेचं बोट धरलं आणि माझ्या जाळीवर टेकवलं, जिथं धूळ खाऊन काळा पडलेला चौकोन आहे.

"चिकटतंय," यशोधरा म्हणाली.

"तिथं आठ महिने पट्टी होती. लावली दुसऱ्यानं. काढली नाही मी. आणि तेवढ्यात एका आजीला तिच्या चंचीतल्या गोळ्या घेऊन चालल्या होत्या."

यशोधरेनं बोट काढून घेतलं, ते चोळत माझ्या काचेकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, ह्या पेशंटच्या घरच्यांना गोळ्यांचं विचारलं का?"

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाच्या चंचीत, कुणाच्या डब्यात, देव्हाऱ्यामागं गोळ्या लपवलेल्या असतील तर सगळ्या एका पिशवीत घाला आणि जो डॉक्टर समोर येईल त्याच्यापुढं ओता. वसकला तर वसकू द्या. आणि तुमच्यातलं कुणी माझ्यासारख्याजवळ कामाला बसलं, तर मी ओरडल्यावर आधी माणसाची नाडी बघा, मग रस्ता बघा, मग विचारा, का आली.

यशोधरेचा प्रश्न बरोबर निघाला, तसा पंकजानं माझा आवाज बंद करायला हात पुढं केला. मी तिच्या बोटाखालीच अजून एकदा बोंबललो. त्याला मात्र काहीच कारण नव्हतं.